नाणी ‘खणणारे’ यंत्र : स्वस्त कोणते, महाग कोणते?

‘बिटकॉइन’ हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेले असेल. घरबसल्या यंत्राकडून ही नाणी ‘खणून’ काढता येतात, असेही कोणीतरी सांगितले असेल. मग साहजिकच प्रश्न पडतो, की हा छंद करून पाहायचा तर कमीत कमी खर्चात कोणते यंत्र घ्यावे? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर दुकानातल्या किंमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. त्यासाठी थोडे पदार्थविज्ञान, थोडी संभाव्यता आणि पुष्कळसे त्रैराशिक लागते. या तिन्ही गोष्टी तुम्हांला शाळेत शिकवलेल्या आहेत. तेव्हा आपणच हे उत्तर शोधून काढू या.

खणायचे म्हणजे काय करायचे?

दुकानदार रोजच्या व्यवहारांची कीर्द लिहितो. बिटकॉइन ही अशीच एक कीर्द आहे. फरक इतकाच, की ती एका दुकानदाराच्या गल्ल्यावर नसून जगभरच्या हजारो संगणकांवर तिची एकेक प्रत असते. ‘सातोशी नाकामोतो’ हे टोपणनाव घेतलेल्या व्यक्तीने (किंवा व्यक्तींनी) ऑक्टोबर २००८ मध्ये एका छोट्या लेखात तिची कल्पना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये तिचे पहिले पान लिहिले गेले. तेव्हापासून सरासरी दर दहा मिनिटांनी या कीर्दीत एक नवे पान जोडले जाते.

पण पान जोडण्याचा मान कोणाला मिळायचा? मालक तर कोणीच नाही! म्हणून एक कोडे ठेवलेले आहे. ‘एसएचए-२५६’ नावाची एक गणिती कृती आहे. तिच्यात कितीही लांबीचा मजकूर घातला तरी २५६ शून्य-एकांची एक ठराविक लांबीची संख्या बाहेर पडते. तिला त्या मजकुराचा ठसा म्हणा. मजकुरातले एक अक्षर बदलले, की ठसा पार बदलून जातो आणि तो कसा बदलेल हे आधी सांगता येत नाही. नियम असा : पानावरच्या मजकुरात आपल्या मनाची एक संख्या मिसळायची आणि ठसा काढायचा. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आला तर तुम्ही जिंकलात. नाहीतर दुसरी संख्या घेऊन पुन्हा प्रयत्न. यात युक्ती चालत नाही, फक्त प्रयत्नांची संख्या चालते. या प्रयत्नांनाच ‘खनन’ असे नाव पडले आहे.

या कोड्याचा एक गुण ध्यानात घ्या. उत्तर शोधणे अवघड, पण ताळा पाहणे अगदी सोपे. ८,६३३ ही संख्या कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, हे शोधायला तुम्हांला बराच वेळ लागेल. पण ८९ आणि ९७ अशी उत्तरे कोणी सांगितली, तर ताळा अर्ध्या मिनिटात होईल. त्याचप्रमाणे जिंकणाऱ्याचे पान बरोबर आहे की नाही, हे साधा संगणकही क्षणात पाहू शकतो. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. २००९ मध्ये हे बक्षीस ५० नाण्यांचे होते. दर २,१०,००० पानांनंतर ते निम्मे होते. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ या वर्षी ते निम्मे झाले आणि एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ नाणी इतके आहे.

फाशांचा खेळ

वर्गातल्या तीस विद्यार्थ्यांना सापशिडीतले दोन-दोन फासे द्या. दोन्ही फाशांवर एक-एक ठिपका ज्याला आधी पडेल, तो जिंकला. एका फेकीत असे होण्याची शक्यता ३६ मध्ये १. सगळे मिळून फेकू लागले, की थोड्याच वेळात कोणीतरी ओरडतो. आता शेजारचा वर्गही खेळात आला, तर निकाल आणखी लवकर लागेल. निकाल पूर्वीइतक्याच अंतराने लागावा अशी इच्छा असेल, तर नियम कडक करावा लागेल. तिसरा फासा दिला, तर शक्यता २१६ मध्ये १ होईल.

बिटकॉइनमध्ये हेच आपोआप घडते. दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, मागचा वेग पाहून कोड्याची मर्यादा बदलली जाते. यंत्रे वाढली की कोडे कठीण होते, यंत्रे घटली की सोपे होते. सरासरी मात्र दहा मिनिटांचीच राहते. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जगातली यंत्रे दुप्पट झाली म्हणून नाणी दुप्पट निघत नाहीत! दिवसाला १४४ पाने, म्हणून १४४ × ३.१२५ = ४५० नाणी. एवढीच नाणी सर्व जगाने वाटून घ्यायची. तुमचा वाटा किती, हे जगाच्या एकूण प्रयत्नांत तुमचे प्रयत्न किती यावर ठरते.

आणि जगाचे प्रयत्न किती? २०२५ साली ते सेकंदाला दहाचा एकविसावा घात, म्हणजे एकावर एकवीस शून्ये, या टप्प्याला पोहोचले. दहा मिनिटांचे सेकंद ६००. गुणाकार केला, तर एका पानासाठी ६ वर तेवीस शून्ये इतके प्रयत्न होतात. ही संख्या ओळखीची वाटते ना? रसायनशास्त्रातला ॲव्होगॅड्रो अंक जवळजवळ एवढाच आहे. १८ ग्रॅम पाण्यात जितके रेणू असतात, तितके प्रयत्न कीर्दीच्या एका पानापायी होतात.

विळी आणि सोऱ्या

सुरुवातीला, २००९ साली, घरच्या संगणकावर नाणी निघत असत, कारण स्पर्धाच नव्हती. २०१० पासून लोक ग्राफिक्स कार्ड वापरू लागले. संगणकातल्या खेळांची चित्रे रंगवण्यासाठी बनवलेल्या या कार्डात शेकडो लहान गणक एकाच वेळी काम करतात, त्यामुळे प्रयत्न झपाट्याने होतात. २०१३ साली मात्र एसएचए-२५६ हे एकच गणित करणाऱ्या खास चिप बाजारात आल्या आणि बिटकॉइनपुरते इतर सगळे मागे पडले.

सर्वसाधारण संगणक हा विळीसारखा आहे. विळीवर भाजी चिरता येते, नारळही खोवता येतो. खास चिप सोऱ्यासारखी. चकल्या पाडण्यात सोऱ्याचा हात कोणी धरणार नाही. पण भाजी चिरायला तो काय कामाचा? यंत्र निवडताना ही गोष्ट विसरू नये. इथेरियम या दुसऱ्या कूटचलनाचे खनन अनेक वर्षे ग्राफिक्स कार्डांवर चालत असे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि खनन बंद केले. त्या दिवशी हजारो लोकांचा धंदा थांबला. तरी ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या कामाला लावता आले किंवा विकता आले. बिटकॉइनची खास चिप निरुपयोगी झाली, की तिचे भंगारच होते.

खरा मापदंड : कामामागे ज्यूल

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मोटार घेताना सुजाण माणूस विचारतो, “लिटरला किती किलोमीटर जाते?” खननाच्या यंत्राबाबतही तसाच प्रश्न विचारायला हवा : ठराविक प्रयत्नांसाठी किती ऊर्जा लागते? सोयीसाठी एक लाख कोटी प्रयत्न हे आपले माप धरू. एकावर बारा शून्ये म्हणजे लाख कोटी. यंत्राची शक्ती वॉटमध्ये घ्या आणि तिला ‘सेकंदाला किती लाख कोटी प्रयत्न’ या संख्येने भागा. एक वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. तेव्हा उत्तर ज्यूलमध्ये येईल.

समजा, घरचा संगणक ६५ वॉट खाऊन सेकंदाला २ कोटी प्रयत्न करतो. लाख कोटी प्रयत्नांना त्याला साडेबत्तीस लाख ज्यूल लागतील. २०१६ साली आलेले ‘अँटमायनर एस ९’ हे यंत्र सुमारे १,३२० वॉटमध्ये साडेतेरा लाख कोटी प्रयत्न करी. म्हणजे सुमारे ९८ ज्यूल. २०२० च्या ‘एस १९ प्रो’ला साडेएकोणतीस ज्यूल पुरत. २०२३ साली जाहीर झालेल्या ‘एस २१’ला साडेसतरा. सात वर्षांत तेवढ्याच कामाचा विजेचा खर्च साडेपाच पटींनी उतरला! म्हणूनच जुनी यंत्रे धडधाकट असूनही बाजारात कवडीमोल होतात.

सर्व जगाने साडेसतरा ज्यूलचीच यंत्रे वापरली असे धरले, तरी एकूण शक्ती १७,५०० मेगावॉट भरते. आपल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. म्हणजे कोयनेसारखे नऊ प्रकल्प रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालवावे लागतील. प्रत्यक्षात जुनी यंत्रेही चालू असतात. तेव्हा हा आकडा कमीत कमी समजावा.

त्रैराशिक मांडू या

आता तीन यंत्रांची रोजची जमाखर्चाची नोंद करू. जगाचे प्रयत्न सेकंदाला दहाचा एकविसावा घात, एका नाण्याची किंमत समजा ८० लाख रुपये आणि विजेचा दर समजा युनिटला ८ रुपये. नाण्याची किंमत रोज खालीवर होते, वीजदरही गावोगाव वेगळा असतो. तेव्हा तुम्ही हिशोब कराल त्या दिवसाचे आकडे घाला. रीत तीच राहील. व्यवहारशुल्काची किरकोळ भर आपण सोडून देऊ.

पहिले यंत्र, जुन्या बाजारातला ‘एस ९’. तो दिवसाला ३१.७ युनिटे खातो. खर्च सुमारे २५३ रुपये. त्याचा जगातला वाटा काढून ४५० नाण्यांनी गुणले, की मिळकत येते सुमारे ४९ रुपये. म्हणजे रोज दोनशे रुपयांचा तोटा! हे यंत्र कोणी फुकट दिले, तरी ते महागच पडेल.

दुसरे, ‘एस २१’. सेकंदाला २०० लाख कोटी प्रयत्न, ३,५०० वॉट. रोजची वीज ८४ युनिटे, खर्च ६७२ रुपये. मिळकत सुमारे ७२० रुपये. उरले ४८. पण या यंत्राची किंमत लाखांच्या घरात असते. ती ४८ रुपये रोजाने कधी फिटणार?

तिसरे, छंदासाठी बनवलेली एका चिपची छोटी पट्टी. ‘बिटॲक्स’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिचा आराखडा सर्वांना खुला आहे. तिचा एक नवा प्रकार सुमारे १८ वॉटमध्ये १.२ लाख कोटी प्रयत्न करतो. रोजची वीज अर्ध्या युनिटापेक्षाही कमी, खर्च साडेतीन रुपये. मिळकत सरासरीने ४ रुपये ३२ पैसे. वर्षाकाठी तीनशे रुपयांच्या आसपास शिल्लक. पट्टीची किंमत दहा हजार धरली, तर ती फिटायला तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. त्याच्या कितीतरी आधी, २०२८ च्या सुमारास, बक्षीस पुन्हा निम्मे व्हायचे आहे!

यातला ‘सरासरीने’ हा शब्दही फसवा आहे. एकट्याने खेळलात, तर या पट्टीला एक पान मिळायला सरासरी सुमारे सोळा हजार वर्षे लागतील. आणि सोळा हजार वर्षे थांबूनही एकही पान न मिळण्याची शक्यता शंभरात सदतीस राहते. इतके दिवस हात हलवले, आता तरी मिळेलच, असे फाशांना कळत नसते. म्हणून बहुतेक लोक गटात सामील होतात. गटाला मिळालेले बक्षीस ज्याच्या-त्याच्या प्रयत्नांच्या प्रमाणात वाटले जाते. मिळकत नियमित होते; सरासरी मात्र वाढत नाही, उलट गटाचे शुल्क वजा होते.

आपल्याकडे घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढत जातो, ही आणखी एक मेख आहे. नव्या यंत्राची युनिटे तुमच्या घरच्या वापरावर चढतात. म्हणून त्यांना बिलातला सर्वांत वरचा दर लागतो. हिशोब करताना बिलाची सरासरी न घेता हाच दर घ्यावा.

ऊर्जा जाते कुठे?

ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमानुसार यंत्राने घेतलेली वीज नाहीशी होत नाही. ठसे काढून झाले, की जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत पसरते. ‘एस ९’ चालवणे म्हणजे खोलीत एक मोठी इस्तरी अहोरात्र चालू ठेवणे. थंड देशांतले काही हौशी लोक अशा यंत्रांवर घर ऊबदार ठेवतात. आपल्या उन्हाळ्यात मात्र ती उष्णता बाहेर घालवायला पुन्हा वीज जाळावी लागेल. शिवाय २३० व्होल्टला १,३२० वॉट म्हणजे ५.७ अँपिअर प्रवाह झाला. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर एवढा भार सतत ठेवणे धोक्याचे आहे. तारा तापतात, सांधे सैल होतात आणि आगही लागू शकते. पंख्यांचा आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू जातो, तो वेगळाच.

मग छंदासाठी काय घ्यावे?

पैसे मिळवणे हा हेतू बाजूला ठेवला आणि समजून घेणे हा हेतू धरला, की निवड सोपी होते.

पहिली पायरी, कागद आणि पेन्सिल. अमेरिकेतील अभियंते केन शिरिफ यांनी २०१४ साली एसएचए-२५६ ची एक फेरी हाताने करून दाखवली. तिला १६ मिनिटे ४५ सेकंद लागली. पूर्ण प्रयत्नाला १२८ फेऱ्या लागतात, म्हणजे न थांबता दीड दिवस. एक-दोन फेऱ्या केल्या, तरी आतले गणित डोळ्यांसमोर उभे राहते.

दुसरी पायरी, घरी किंवा शाळेत असलेलाच संगणक. पायथॉन या भाषेत एसएचए-२५६ ची सोय तयार असते. दहा-पंधरा ओळींची आज्ञावली लिहून आपल्या नावापुढे १, २, ३ अशा संख्या जोडत जा आणि षोडशमान पद्धतीत लिहिलेल्या ठशाच्या आरंभी चार शून्ये येईपर्यंत शोधा. सरासरी ६५,५३६ प्रयत्न लागतील. पाच शून्ये हवी असतील, तर त्याच्या सोळा पट. तयार खनन-आज्ञावली मात्र अनोळखी ठिकाणाहून संगणकावर उतरवू नका. तिच्या आड दुसऱ्यासाठी खणणारा चोर लपलेला असू शकतो. शाळेचा संगणक वापरताना शिक्षकांची परवानगी घ्यावी. वीज शाळेची आहे.

तिसरी पायरी, काही शे रुपयांत मिळणारा ‘ईएसपी ३२’ हा सूक्ष्मनियंत्रक. त्यावर चालणारी ‘नर्डमायनर’ नावाची खुली आज्ञावली आहे. सेकंदाला एक लाख प्रयत्न धरले, तर एक पान मिळण्यास सरासरी १९ हजार कोटी वर्षे लागतील, म्हणजे विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे चौदापट! पण या पट्टीचे मोल नाण्यांत नाही. खननाचा कंटाळा आला, की तीच पट्टी तापमान मोजेल, कुंडीतल्या मातीचा ओलावा सांगेल, शाळेचे हवामान-केंद्र चालवील. आमच्या मते नवशिक्यासाठी विकत घेण्याजोगे सर्वांत स्वस्त यंत्र हेच, कारण त्याचा पैसा वाया जात नाही. एका चिपची पट्टी ही चौथी पायरी. ती एखाद्या मंडळाने मिळून घ्यावी, एकट्याने नको.

यंत्राविना खनन?

‘तुम्ही यंत्र घेऊ नका, आम्हांला पैसे द्या, आमच्या यंत्रांवर तुमच्यासाठी खणतो’ अशा जाहिरातीही येतात. त्यांना एकच प्रश्न विचारा : ठरलेला परतावा कुठून देणार? रोजची नाणी सर्व जगाला मिळून ठरलेली आहेत, कोडे दर पंधरवड्याला बदलते, नाण्याची किंमतही अस्थिर आहे. या परिस्थितीत दरमहा निश्चित टक्के कोणालाच देता येणार नाहीत. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेत दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, असे आमिष दाखवून असंख्य लोकांना फसवल्याचा आरोप आहे. २०१८ साली या प्रकरणात पुणे पोलिसांनी अटका केल्या आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. ज्यांचे पैसे अडकले, त्यांपैकी किती जणांनी वरचे त्रैराशिक मांडून पाहिले असेल?

हेही लक्षात ठेवा, की भारतात कूटचलन हे अधिकृत चलन नाही. २०२२ पासून ते विकून होणाऱ्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. शिवाय अठरा वर्षांखालील व्यक्तीला कायद्याने करार करता येत नाही. तेव्हा खाते उघडणे, पैसे गुंतवणे या गोष्टी तुमच्या वयाच्या नव्हेत. ठसे काढायला मात्र वयाची अट नाही!

करून पाहा

१. घरच्या विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटाला किती वेळा, ते मीटरवरच छापलेले असते. समजा ३,२०० वेळा. मग एका लुकलुकीला १,१२५ ज्यूल झाले. घरातल्या मोठ्यांना सांगून इतर सर्व उपकरणे बंद करा, फक्त संगणक चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधला वेळ मोजा. त्यावरून संगणकाची शक्ती काढा.

२. वर सांगितलेली आज्ञावली चालवून तुमचा संगणक सेकंदाला किती प्रयत्न करतो ते मोजा. मग लाख कोटी प्रयत्नांना त्याला किती ज्यूल लागतात ते काढा.

३. वर्गात फाशांचा खेळ शंभर वेळा खेळून प्रत्येक वेळी एकूण किती फेकी लागल्या ते लिहा. सरासरी ३६ च्या किती जवळ येते? सर्वांत लांबलेला डाव किती फेकींचा होता?

४. ‘एस ९’ चालवून तोटा होऊ नये, यासाठी विजेचा दर युनिटला जास्तीत जास्त किती असावा? लेखातले आकडे घेऊन उत्तर काढा आणि आपल्या घरच्या बिलावरचा दर त्याच्या शेजारी मांडा.